कोयनेची भेग आणि धरणाचें गणित

इ. स. १९६७ च्या डिसेंबर महिन्याची ११ वी तारीख. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. सातारा जिल्ह्यांतील कोयनानगर व भोंवतालचीं गांवें गाढ निद्रेंत असतांना धरणी एकाएकीं हादरली, आणि पाहतां पाहतां घरेंच्या घरें जमीनदोस्त झालीं. पावणेदोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. उजाडूं लागतांच ज्याच्या त्याच्या मनांत एकच प्रश्न उभा राहिला: धरणाचें काय झालें? महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावणारी कोयना हेळवाकजवळ ज्या भिंतीनें अडविली होती, ती भिंत १०३ मीटर उंच होती. आणि त्या पहाटे तिच्या पाठीशीं सुमारें ९२ मीटर खोलीचें पाणी उभें होतें. तें पाणी सुटतें, तर पाटण, कऱ्हाड आणि पुढें कृष्णाकाठचीं गांवें यांची काय गति झाली असती, याची कल्पनाही करवत नाहीं.

धरण उभें होतें. परंतु तें अभंग राहिलें नव्हतें. सांडव्याच्या दोहों बाजूंस धरणाचे जे उंच भाग आहेत, त्यांपैकीं कित्येकांच्या अंगावर आडव्या भेगा पडल्या होत्या. पाण्याकडील अंगावर पडल्या होत्या, तशाच मागील अंगावरही पडल्या होत्या. आश्चर्य होतें तें भेगांच्या जागेचें. पाण्याचा दाब सर्वांत अधिक तो तळाशीं. तेव्हां भिंत फुटावयाची तर ती खालीं फुटावी, असें कोणासही वाटेल. पण ह्या भेगा पायापासून सुमारें ६६ मीटर उंचीवर, म्हणजे भिंतीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आरंभीं पडल्या होत्या. इंजिनियरांच्या रूढ हिशेबाप्रमाणें धरणाचा तो भाग निर्धास्त समजला जात असे. मग भेग तेथेंच कां पडली? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या विद्येनें दिलें, तिचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. आणि योगायोग असा, कीं त्या इतिहासाचा आरंभही एका धरणाच्या गणितानेंच झाला.

कोणतीही मोठी वस्तु बांधण्यापूर्वीं तिची लहान प्रतिकृति करून पाहावी, ही कल्पना जुनीच आहे. पुण्याजवळ खडकवासला येथें जी जलसंशोधनाची संस्था आहे, तिचा उगम १९१६ सालीं झाला. नद्या, बंधारे व बंदरें यांच्या लहान प्रतिकृति करून, त्यांतून पाणी सोडून, पुढें प्रत्यक्षांत काय घडेल याचा अंदाज तेथें बांधतात. पाण्याचा ओघ असा लहान प्रमाणांत आणतां येतो. परंतु अजस्र भिंतीच्या पोटांत, जेथें दृष्टि पोंचत नाहीं तेथें, कोणत्या बिंदूस किती दाब आहे आणि कोणत्या बिंदूस किती ताण आहे, हें जाणणें फार कठीण. त्यासाठीं दुसऱ्या एका प्रकारची प्रतिकृति लागते. ती मातीची नसते, लांकडाची नसते; ती केवळ आंकड्यांची असते.

अशी आंकड्यांची प्रतिकृति रचण्याचा एक आरंभींचा मोठा प्रयत्न लुई फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें केला. १९१० सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध ठेवला, आणि त्यांत दगडी धरणांतील ताण मोजण्याचें उदाहरण घेतलें. धरणाच्या आडव्या छेदाचें चित्र काढून त्यानें त्यावर चौकड्यांचें जाळें टाकलें. उच्च गणितांतील जीं समीकरणें सरळ सुटत नाहींत, त्यांच्याऐवजीं त्यानें साधी अंकगणिताची रीति योजिली: जाळ्यांतील प्रत्येक बिंदूची किंमत त्याच्या शेजारच्या बिंदूंवरून काढावयाची, पुनः सर्व जाळें तपासावयाचें, पुनः सुधारावयाचें, आणि किंमती स्थिर होईपर्यंत हाच क्रम चालवावयाचा. रीति सोपी, परंतु श्रम अपार.

हे श्रम करण्यासाठीं रिचर्डसननें मुलें लाविलीं. त्या काळीं इंग्रजींत ‘कंप्यूटर’ हा शब्द यंत्राचा वाचक नव्हता; हिशेब करणाऱ्या माणसास तें नांव होतें. ह्या मुलांस मजुरी कामाच्या मानानें मिळे. संख्या जितक्या अंकांची, तितके अठरांश पेनी दर बिंदूमागें, असा दर होता. म्हणजे तीन अंकी संख्येच्या एका बिंदूस एक-षष्ठांश पेनी. त्यांतील एक चपळ मुलगा तीन अंकी संख्यांचीं आठवड्यास सुमारें २००० गणितें उरकी, आणि चुकलेलीं गणितें त्यांतून वजा होत. अधिक व उणे ह्या चिन्हांची सरमिसळ हीच मुलांची मुख्य अडचण होती, असें रिचर्डसननें नमूद करून ठेविलें आहे. ज्यानें वर्गांत मुलांना बीजगणित शिकविलें असेल, त्यास हें वाचून मुळींच नवल वाटणार नाहीं.

रिचर्डसनची रीति खरी होती, पण ती काळाच्या पुढें होती. माणसांच्या हातून एवढीं गणितें करून घेणें प्रत्येक धरणाच्या बाबतींत शक्य नव्हतें. म्हणून इंजिनियर आपल्या सोप्या नियमांवरच भिस्त ठेवून राहिले. भूकंपाच्या बाबतींत तर तसें करण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. १९३३ सालीं वेस्टरगार्ड ह्या विद्वानानें, अमेरिकेंत हूव्हर धरणाचें काम चालू असतां, भूकंपाच्या वेळीं पाण्याचा धरणावर किती अधिक दाब येईल याचें एक सुटसुटीत सूत्र दिलें. भिंतीस पाण्याचा कांहीं भाग जणूं चिकटून तिच्याबरोबर हालतो, असें मानलें म्हणजे हिशेब पुरा होतो, असें त्यानें दाखविलें. आणि खुद्द भिंतीपुरता नियम याहूनही सोपा होता: तिच्या वजनाचा एक ठराविक अंश आडवा ढकलतो आहे, असें समजावें, म्हणजे झाला भूकंप.

कोयनेच्या धरणास हा अंश ०.०५ धरला होता. म्हणजे वजनाच्या शंभरांत पांच. तो पायथ्याशीं जेवढा, तेवढाच माथ्याशीं. अशा हिशेबानें वरच्या भागांत ताण फारच थोडा निघे. त्या वेळच्या समजुतीप्रमाणें ह्यांत कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. दख्खनच्या पठाराचा काळा पत्थर हा भूकंपापासून निर्भय आहे, असें सर्वत्र मानलें जात होतें. जलाशयांत १९६२ सालापासून पाणी सांठूं लागल्यावर लहान लहान हादरे जाणवूं लागले, तेव्हां ह्या समजुतीस पहिला धक्का बसला. १९६७ च्या त्या पहाटे ती पार मोडली.

मध्यंतरीं दूर अमेरिकेंत आंकड्यांच्या प्रतिकृतीनें नवें रूप घेतलें होतें, आणि तें धरणाच्या नव्हे तर विमानाच्या निमित्तानें. १९५२ व १९५३ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रे क्लफ हा प्राध्यापक बोइंग ह्या विमानांच्या कारखान्यांत कामास गेला होता. तेथें त्रिकोणी आकाराच्या पंखाचा प्रश्न होता. जुन्या सूत्रांनीं त्याचें वांकणें मोजतां येईना. तेव्हां टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप ह्या चौघांनीं अशी युक्ति योजिली, कीं सबंध पंखाचें गणित एकदम करूं नये. त्याचे लहान लहान त्रिकोणी तुकडे कल्पावे. एका तुकड्याचें वागणें साधें असतें. तुकडे कोपऱ्यांशीं एकमेकांस जोडलेले आहेत, म्हणून एक हालला म्हणजे शेजाऱ्यांसही हालावें लागतें. ही शेजारधर्माची अट प्रत्येक कोपऱ्यासाठीं लिहून काढली, कीं शेंकडों समीकरणें उभीं राहतात. आणि तीं सर्व एकदम सोडविणें हेंच नव्या गणकयंत्राचें काम. ह्या चौघांचा निबंध १९५६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९६० सालीं क्लफनें ह्या पद्धतीस ‘फायनाइट एलिमेंट’ असें नांव दिलें. तुकड्यांची पद्धति असें तिला मराठींत म्हणण्यास हरकत नाहीं.

ही पद्धति विमानावरून धरणावर आली, ती एका भेगेमुळेंच. अमेरिकेंतील आर्कान्सा प्रांतांत नॉर्फोर्क नांवाचें काँक्रीटचें धरण आहे. त्यास उभी भेग पडली होती. भेग असतां पाण्याच्या व उष्णतेच्या योगानें धरणांत कसे ताण येतात, हें पाहण्याचें काम क्लफ व त्याचा शिष्य एडवर्ड विल्सन यांच्याकडे आलें. त्यांनीं धरणाच्या छेदाचे त्रिकोणी तुकडे पाडून, भेग जेथें होती तेथें तुकड्यांची जोडणी मोकळी ठेवून, यंत्राकडून गणित करविलें. आणि १९६२ सालीं लिस्बन येथें भरलेल्या परिषदेंत तें विद्वानांपुढें मांडलें. रिचर्डसननें मुलांकडून जें करविलें होतें, त्याच जातीचें काम अर्धशतकानंतर यंत्र करूं लागलें, आणि दोन्ही वेळीं विषय धरणाचाच होता.

आतां पुनः कोयनेकडे वळावें. भूकंपाची हानि अपार होती, परंतु त्यांतून एक अमोल वस्तु हातीं लागली. धरणाच्या पोटांतील एका भुयारी मार्गांत भूकंपाच्या धक्क्याची गति टिपणारें यंत्र बसविलेलें होतें. त्यानें त्या पहाटेचा प्रत्येक हेलकावा पट्टीवर उमटवून ठेविला. धरणाच्या अंगावर आडवा बसलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळ जवळ निम्मा होता, असें त्यावरून दिसलें. हिशेबांत धरलेला अंश शंभरांत पांच, आणि प्रत्यक्ष आलेला झटका शंभरांत पन्नासाच्या घरांत! रुरकी येथील जयकृष्ण प्रभृति शास्त्रज्ञांनीं ह्या नोंदीचा अभ्यास करून तो १९६९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें बर्कली येथें क्लफच्याच विद्यापीठांत प्राध्यापक असलेले अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनीं कोयनेच्या धरणाची तुकड्यांची प्रतिकृति रचली. चोप्रा हे बनारस हिंदु विश्वविद्यालयाचे पदवीधर. त्यांनीं यंत्राच्या द्वारें त्या कागदी धरणास तोच भूकंप, क्षणाक्षणाच्या नोंदीसह, पुनः दिला. आणि १९७३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला.

काय दिसलें? वरच्या भागांत, जेथें धरणाच्या मागील अंगाचा उतार एकाएकीं बदलतो आणि भिंतीस एक कोपरा आल्यासारखा होतो, तेथें दोन्ही अंगांवर ताणाची परमावधि झाली होती. तो ताण काँक्रीटच्या सहनशक्तीच्या दुपटी-तिपटीच्या घरांत होता. म्हणजे खऱ्या धरणास जेथें भेग पडली होती, बरोबर तेथेंच आंकड्यांचें धरणही फुटावयास आलें होतें. इतकेंच नव्हे, तर सांडव्याच्या भागाचेंही गणित त्यांनीं केलें. तेथें भेग पडण्याजोगा ताण निघाला नाहीं, आणि प्रत्यक्षांतही त्या भागास भेग पडली नव्हती. ‘होय’ कोठें आणि ‘नाहीं’ कोठें, ह्या दोन्ही प्रश्नांस गणिताचें व दगडाचें उत्तर एकच आलें. कोणत्याही प्रतिकृतीस याहून कठोर परीक्षा नाहीं.

जुन्या हिशेबाची चूक कोठें होती, हेंही ह्यांतून स्पष्ट झालें. एखादा लवचीक बांबू बुडाशीं धरून झटकन् हालविला, तर बूड हातभर हालतें, पण शेंडा किती तरी अधिक झोके घेतो. धरणासारखी प्रचंड भिंतही सूक्ष्म प्रमाणांत तशीच वागते. तिचा स्वतःचा असा एक हेलकावा असतो. कोयनेच्या भिंतीचा तो सेकंदाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाचा आहे. खालून येणारे धक्के त्या हेलकाव्याशीं जुळले, कीं माथा चाबकाच्या टोंकासारखा फटके खातो. जुन्या नियमानें माथ्यास व पायथ्यास एकच अंश देऊन हा फटका हिशेबाबाहेर ठेविला होता. कोयनेच्या भिंतीचा आकार रूढ आकाराहून निराळा होता, हें खरें, आणि त्यामुळें ताण वाढला हेंही खरें. परंतु रूढ आकाराच्या धरणांतही अशा धक्क्यानें लक्षणीय ताण उत्पन्न होईल, असें त्या अभ्यासांत आढळलें. दोष केवळ एका भिंतीचा नव्हता. तो भिंती मोजण्याच्या रीतीचा होता.

कोयनेच्या भेगा भरून काढण्यांत आल्या, आणि उंच भागांस मागील बाजूनें काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन धरण बळकट केलें गेलें. २००६ सालापर्यंत सांडव्याचा भागही मजबूत करण्यांत आला. १९७० सालीं देशाच्या भूकंपविभागांचा नकाशा सुधारण्यांत आला, तेव्हां भूकंपापासून निर्भय असा जो विभाग पूर्वीं दाखवीत, तो काढून टाकण्यांत आला. आणि विद्वानांच्या जगांत कोयनेस एक निराळेंच स्थान मिळालें. धरण कसें फुटेल हें सांगणारी नवी गणितरीति कोणीं काढली, कीं ती प्रथम कोयनेच्या भिंतीवर लावून पाहावी, असा परिपाठ देशोदेशीं पडला. सोनें कसोटीच्या दगडावर घांसून पाहतात, तसें हें गणित सह्याद्रीच्या एका भेगेवर घांसून पाहिलें जाऊं लागलें.

परंतु येथेंच इतिहास संपविला, तर तो अर्धा राहील. यंत्राचें गणित बरोबर येऊं लागलें, तसा त्यावरचा विश्वासही वाढत गेला. आणि विश्वास वाढला, कीं कसोटी विसरली जाते. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ २३ ऑगस्ट १९९१ रोजीं हें दिसून आलें. समुद्रांतील तेल व वायु काढण्यासाठीं तेथें स्लाइप्नर नांवाचा अवाढव्य फलाट उभारला जात होता. त्याचा पाया म्हणजे काँक्रीटच्या पोकळ कोठ्यांचा जुडगा. किनाऱ्यालगतच्या खोल खाडींत त्याची परीक्षा घेण्यासाठीं त्यांत पाणी भरून तो हळूहळू बुडवीत असतां, कोठ्यांमधील एका भिंतीस तडा गेला, पाणी आंत शिरलें, आणि सबंध पाया तळाशीं जाऊन चूर्ण झाला. तो आदळला तेव्हां भूकंपमापकांवर तीन प्रतीचा धक्का नोंदला गेला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. पण नुकसान सुमारें ७० कोटि डॉलरांचें झालें.

त्या पायाचें गणित तुकड्यांच्या पद्धतीनें, यंत्राकडूनच झालें होतें. यंत्रानें बेरीज-वजाबाकी चुकविली नव्हती. चूक तुकडे पाडण्यांत होती. कोठ्या जेथें एकमेकींस मिळतात, त्या अडचणीच्या कोपऱ्यांत तुकडे मोठे व वेडेवांकडे पाडले गेले; त्यामुळें भिंतीस कापूं पाहणारा जोर खऱ्याहून ४७ टक्क्यांनीं कमी निघाला, आणि त्या कमी जोराच्या मानानें लोखंडी सळयाही अपुऱ्या पडल्या. अपघातानंतर काळजीपूर्वक नवें गणित केलें, तेव्हां भिंत ६२ मीटर खोलीवर फुटावी असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत ती ६५ मीटरांवर फुटली होती. म्हणजे पद्धति खोटी नव्हती; तिला विचारलेला प्रश्न ओबडधोबड होता. पुढें नवा पाया बांधतांना, यंत्राचे निष्कर्ष पुरे तपासून होईपर्यंत वाट न पाहतां, अनुभवी इंजिनियरांनीं जुन्या काळच्या हातगणितानें आंखणी केली. आणि तो पाया १९९३ सालीं सुखरूप उभा राहिला.

कोयना आणि स्लाइप्नर हीं दोन उदाहरणें शेजारीं ठेवलीं, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. कोयनेंत साधा नियम चुकला, आणि सूक्ष्म प्रतिकृतीनें ती चूक उघडी केली. स्लाइप्नरमध्यें सूक्ष्म म्हणविणारी प्रतिकृतिच चुकली, आणि साध्या हातगणितानें मनुष्यांस सांवरलें. साधनांचा क्रम उलटा, पण बोध एकच. प्रतिकृति ही वस्तूची जागा घेऊं शकत नाहीं. तिनें वस्तूपुढें जाऊन आपला हिशेब द्यावयाचा असतो. आज विमानें, पूल, उंच इमारती व धरणें हीं सर्व प्रथम यंत्राच्या पोटांत बांधलीं जातात, तेथेंच वाऱ्यांत हालविलीं जातात व भूकंपांत झोडपलीं जातात. ज्या काळीं अशी सोय नव्हती, त्या काळीं ही परीक्षा माणसांच्या डोक्यावर होत असे. म्हणून ही सोय लहान म्हणतां येत नाहीं. परंतु जाळें किती बारीक विणावें, कोणता कोपरा संशयाचा मानावा, आणि आलेलें उत्तर कशावर ताडून पाहावें, हें अजूनही ज्याच्या नांवावर काम आहे त्या माणसालाच ठरवावें लागतें.

रिचर्डसनच्या त्या मुलांस चुकलेल्या गणिताचे पैसे मिळत नसत. यंत्रास मजुरी नाहीं, म्हणून त्याची वजावटही नाहीं. चुकीची किंमत भिंतीखालीं राहणारे लोक देतात. कोयनेच्या भिंतीमागें आजही दर पावसाळ्यांत शंभर अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी उभें राहतें. त्याचा कांहीं भाग बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे उतरून वीज देतो, आणि बाकीचा पूर्वेकडे कऱ्हाडच्या संगमाकडे वाहत जातो. त्या परिसरांत हादरे अजूनही बसतात. भिंत मजबूत करण्यांत आली आहे. तरी ती कोठें हालते, किती हालते आणि गणितानें सांगितल्याप्रमाणेंच हालते कीं नाहीं, हें पाहत राहण्याचें काम एकदां करून संपण्यासारखें नाहीं.